भांगाचं पाणी: अलिबाग ते जंजिरा, पायी

पहिला दिवस, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी: अलिबाग ते रेवदंडा

काकांचं गणित सोपं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज अष्टमी, आठ पाऊण सहा. म्हणजे पहाटे सहाला भरती आणि तिथून सहा तासांनी, दुपारी बाराला, ओहोटी. "नऊला किनाऱ्यावर उतरायचं. पाणी मागे मागे सरकत राहील, आपण पुढे पुढे." शाळेत पाऊणकी पाठ केलेला माणूस आहे. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यातली बरीचशी अलिबाग-मुरूड मार्गावर गेली. त्या रस्त्यावरचा प्रत्येक थांबा त्यांना झोपेतही सांगता येतो. पण थांब्यांच्या पलीकडे, वाड्यांच्या मागे जो समुद्र जन्मभर उजव्या खिडकीतून दिसत राहिला, त्याच्या कडेने ते कधी चालले नव्हते. निवृत्त झाल्यापासून बोलून दाखवत होते. शेवटी मीच म्हटलं, काका, चला. अलिबागपासून राजपुरीपर्यंत चालायचं आणि तिथून होडीने जंजिरा. चार दिवस.

सुरुवात कुलाब्यापासून करायची ठरली होती. शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला हा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो. साडेअकराला आम्ही पँटी दुमडून पाण्यात शिरलो. घोटा, गुडघा, मग मांडी. किल्ला आहे तिथेच. घोडागाडीवाले चाकं निम्मी बुडवून पर्यटकांना नेत होते आणि आमच्याकडे बघून हसत होते.

"अजून अर्धा तास आहे ओहोटीला," काका म्हणाले.

किनाऱ्यावर टोपली घेऊन बसलेली एक कोळीण आमचं बराच वेळ बघत होती. "बाबा, आज भांग हाय," ती म्हणाली. "पानी हालनार नाय."

भांग म्हटल्यावर मला हसू आलं. काका मात्र गप्प झाले. त्यांना शब्द माहीत होता, प्रवासात शेकडो वेळा ऐकलेला, फक्त आपल्या गणितात तो धरायचा राहिला होता. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका ओळीत येऊन ओढतात, ते उधाण. पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात पडते आणि एकमेकींना मारते, तो भांग. उधाणाला या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, भांगाला त्याच्या निम्माही नाही. पाऊणकी वेळ बरोबर सांगते, पण पाणी किती हटेल हे तिच्यात नाही.

यातला खरा खट्याळपणा मला रात्री उलगडला. दुपारची, चालायला सोयीची ओहोटी इथे येते तीच मुळी अष्टमी-नवमीला, म्हणजे भांगात. उधाणाची लांबलचक ओहोटी येते ती पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाला. दोन्ही सोयी एकाच दिवशी या समुद्राने कुणाला दिलेल्या नाहीत. आम्ही पंचांग बघून, विचार करून, नेमका चुकीचा आठवडा निवडला होता.

तर पहिल्याच किल्ल्याने परत पाठवलं. साखरची खाडी पुलावरून ओलांडून आक्षीत शिरलो. आक्षीचा शिलालेख मला बघायचाच होता. शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे त्याच्यावर शके ९३४ आहे, म्हणजे इ.स. १०१२, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. वर चंद्र-सूर्य आणि खाली झिजलेल्या ओळी. शिलाहार राजा केसीदेवराय याला त्यात 'पसीमसमुद्राधीपती' म्हटलंय. पश्चिमेचं शुद्धलेखन असं, महालक्ष्मीचं 'महालषुमी'. काकांना हे फार आवडलं. "वेबिलावर आम्ही असंच लिहायचो," म्हणाले. वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकीट-हिशोबाचा कागद. मला त्या पदवीची गंमत वाटली. दोन तासांपूर्वी मांडीभर पाण्यातून परत फिरलेल्या माणसांना कुणी तरी स्वतःला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवून घेतलेलं वाचायला मिळावं, हे बरंच झालं.

आक्षी ते नागाव सुरूच्या झाडांखालून. नागावला जत्रा होती: पाण्यावरच्या गाड्या, वाळूवरच्या गाड्या, हवेत उडणाऱ्या छत्र्या. डोकं खाली घालून निघालो. त्यापुढे मात्र किनारा एकदम मोकळा झाला आणि पायांखाली ती नक्षी सुरू झाली. पाणी हटलेल्या ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांचे पसारे. प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक भोक आणि त्यातून निघालेल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या वाटा. थांबून बसलं की दिसतं. भोकातून नखाएवढा खेकडा येतो, वाळूची चिमूट तोंडाला लावतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पुन्हा चिमूट, पुन्हा गोळी. आमची सावली पडली की सगळे गडप. पुढच्या भरतीला हे सगळं पुसलं जाणार आणि परवा तो पुन्हा पहिल्या गोळीपासून सुरू करणार. काका दहा मिनिटं उकिडवे बसून होते. उठताना त्यांच्या गुडघ्याने आवाज केला.

त्या गुडघ्याचं कारण मला थेरोंड्याच्या आसपास कळलं. वाळू समुद्राकडे उतरती असते. दक्षिणेकडे चालताना समुद्र सतत उजवीकडे, म्हणजे उजवा पाय दिवसभर दोन बोटं खाली पडतो. सात-आठ किलोमीटरनंतर उजव्या कमरेत कळ येते आणि माणूस लंगडायला लागतो. डोंगर चढणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक नसतं. उन्हाचंही तसंच: दुपारनंतर फक्त उजवा गाल भाजतो. थेरोंड्याला वलांडींवर बोंबील वाळत होते. त्या वासातून लंगडत, एका गालाने तांबडे होऊन, रेवदंड्याला पोहोचलो तेव्हा आकाशात बरोबर अर्धा चंद्र होता. काकांनी त्याच्याकडे जरा रागानेच पाहिलं.

दुसरा दिवस, नवमी: रेवदंडा ते बोर्ली

नऊ पाऊण पावणेसात. पाणी चढलेलं असणार म्हणून सकाळ रेवदंड्याच्या किल्ल्याला दिली. किल्ला म्हणजे वेगळी जागा नव्हेच. तटबंदीच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, रस्ते, घरं आणि मधूनच एखादी भिंत, जिच्यातून वडाच्या मुळ्या उतरल्यात. पोर्तुगिजांना १५२१मध्ये निजामशहाकडून इथे कोट बांधायची परवानगी मिळाली. पण चौलच्या या बंदराशी त्यांची पहिली ओळख त्याआधीची आणि कडू. १५०८मध्ये इजिप्तच्या ममलुकांच्या आरमाराशी इथेच लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. मुलाचा सूड बापाने पुढच्या वर्षी दीवला घेतला.

सातखणी बुरुज लांबूनच दिसतो. नावात सात खण असले तरी आज तितके उरलेले नाहीत. एका बाजूने तो उभा सोलल्यासारखा आहे, त्यामुळे आतले मजले कपाटाच्या फळ्यांसारखे दिसतात. कोणत्याही बाजूला उभं राहिलं की तो अंगावर येतो. आम्ही जरा लांबूनच बघितला.

गावातल्या शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियातल्या त्वेर गावच्या व्यापाऱ्याचं स्मारक आहे. वास्को द गामाच्या तीसेक वर्षं आधी हा माणूस समुद्रमार्गे चौलला उतरला. बरोबर काय, तर एक घोडा. हिंदुस्थानात घोड्याला मोठी किंमत येते म्हणून विकायला आणलेला. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला, मोठ्या खटपटीने परत मिळाला. इथली माणसं उघडी फिरतात, केसांची एकच वेणी घालतात, असं त्याने लिहून ठेवलंय. काकांना घोड्याचीच काळजी. "तूरहून कुठून एवढा लांब..." "त्वेर," मी म्हटलं. "त्वेर. तिथून घोडा आणायचा म्हणजे भाडं किती पडलं असेल?" घोडा त्याने वाटेत, इराणच्या बाजूला घेतला होता, असं सांगितल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं.

कुंडलिकेवरचा साळावचा पूल चालत ओलांडायला लांब आहे. उजवीकडे खाडीचं मुख, डावीकडे पोलादाच्या कारखान्याचा पसारा, आणि समोर कोर्लईचा डोंगर पाण्यात शिरलेला, सुसर आडवी पडावी तसा. बसमधून हा डोंगर दिसतो आणि वळणामागे जातो. चालताना तो दोन तास समोरच होता.

कोर्लईच्या दीपगृहाकडून पायऱ्या चढून वर गेलो. हा किल्ला मला नेहमीच्या किल्ल्यांहून आवडला, कारण त्याला रुंदीच नाही. डोंगराची धार आहे तेवढाच किल्ला. आडव्या भिंती घालून त्याचे कप्पे केलेत, एकातून दुसऱ्यात दरवाज्याने जायचं. डावीकडे खाडी, उजवीकडे समुद्र, दोन्हीकडे दगड टाकला तर पाण्यात पडेल. मधल्या कप्प्यात छप्पर उडालेलं चर्च. निजामशहाने १५९४मध्ये इथे तोफा चढवल्या त्या समोरच्या रेवदंड्याला धाकात ठेवायला. त्याच वर्षी पोर्तुगिजांनी हल्ला करून ते ठाणं घेतलं. वर उभं राहिलं की भांडण कशाचं होतं ते कुणी सांगावं लागत नाही. रेवदंड्याची तटबंदी, नदीचं मुख, आत येणारी प्रत्येक होडी, सगळं तळहातावर. वसई पडल्यावर १७४०पर्यंत रेवदंडा, चौल आणि हा डोंगर मराठ्यांकडे आले.

पोर्तुगीज गेले, भाषा राहिली. डोंगराच्या पायथ्याच्या गावात ख्रिस्ती घरांमधून अजून पोर्तुगीजमधून उतरलेली एक बोली चालते. भाषाशास्त्रज्ञ तिला कोर्लई क्रिओल म्हणतात, बोलणारे 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. वाक्याची ठेवण मराठीच्या वळणावर गेलेली. पाणी मागायला एका दारात थांबलो, तर आजी आमच्याशी मराठीत, चुलीजवळच्या सुनेशी त्या बोलीत आणि अंगणातल्या कोंबड्यांशी पुन्हा मराठीत. मी काकांना विचारलं, इतकी वर्षं ही माणसं तुमच्या गाडीत बसली, कधी कानावर पडलं नाही? ते म्हणाले, "तिकीट मराठीतच मागायची ना."

बोर्लीला मुक्काम. काशिदपर्यंत जायचं होतं, पण काकांचा गुडघा आता नारळाएवढा दिसत होता. घरमालकिणीने मीठ घातलेलं गरम पाणी आणून दिलं. रात्री सोड्याची खिचडी. कोर्लईच्या डोंगरापेक्षा ती खिचडी काकांच्या जास्त लक्षात राहील असं मला वाटतं.

तिसरा दिवस, दशमी: बोर्ली ते नांदगाव

दहा पाऊण साडेसात, ओहोटी दीडला. गणित बरोबर, आम्ही चूक, हे दोनदा शिकलो होतो. तिसऱ्यांदा शिकायचं बाकी होतं.

काशिदची वाळू खरंच पांढरी आहे आणि शनिवार-रविवार टाळला तर रिकामीही असते. पण किनारा एकदम खोल होतो, लाट पायाखालची वाळू ओढून नेते. पोहायला ही जागा वाईट. या पट्ट्यातल्या समुद्राला सहज घेऊ नये. फेब्रुवारी २०१६मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली चौदा मुलं बुडाली, ते काका अजून हळू आवाजात सांगतात. डावीकडच्या डोंगरावर फणसाडचं रान. जंजिऱ्याच्या नवाबांची शिकारीची जागा होती, १९८६पासून अभयारण्य. शेकरू आत गेलं तर दिसतं म्हणे. आम्ही कडेने चाललेली माणसं.

काशिदच्या दक्षिणेला वाळू संपून खडक सुरू होतात. रस्ता वरून, झाडीतून जातो. ओहोटी तासाभरावर आलेली, म्हणून मी म्हटलं, खडकांवरून टोकाला वळसा घालू. काका नको म्हणत होते. हे इथे लिहायला हवं, कारण घरी मी वेगळं सांगितलंय.

अर्धा तास छान गेला. काळे खडक, मध्ये डबकी, डबक्यांत अडकलेले छोटे मासे. मग खडकांचा रंग बदलला. पांढरट, खडबडीत, जणू कुणी फुटक्या कपबश्या चिकटवल्यात. कालवं. जिवंत कालवाची वरची शिंप बंद असते, काढून नेलेल्याची खालची वाटी तशीच दगडाला राहते आणि तिची कड ब्लेडसारखी असते. दोन बायका लोखंडी आकडीने ती फोडून गर डब्यात टाकत होत्या. टक, टक, आणि बोटभर करडा गोळा. तासाभराच्या कामात डब्याचा तळ जेमतेम झाकला होता. त्यांच्या पायांत बूट होते, आमच्या चपला.

टोकाच्या अलीकडे एक घळ लागली. चार-पाच पावलांचीच, पण पाणी छातीपर्यंत, आणि आत-बाहेर खेचणारं. दीड वाजला, पावणेदोन झाले. पाणी एक वीत उतरलं आणि तिथेच राहिलं. पौर्णिमेला संध्याकाळी इथून कोरड्या पायाने जाता येतं, बायकांनी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे विशेष. मागे वळताना काकांचा पाय शेवाळावरून गेला. सावरायला त्यांनी हात टेकला तो नेमका कालवांवर. तळहातावर तीन बारीक, सरळ रेघा, आणि मग त्यांतून रक्त. एक बाई उठली, समुद्राच्या पाण्यात हात धरायला लावला आणि डोक्याचा रुमाल फाडून बांधला. पैसे घेतले नाहीत, "बूट घाला" एवढं म्हणाली.

करवंदीच्या जाळ्यांतून वर रस्त्याला लागलो तेव्हा दोघांच्याही अंगावर ओरखडे. पुढे थांबा होता. काका त्या बाकावर इतक्या हक्काने बसले की मुरूडकडे जाणारी एसटी हात न करताच थांबली. दार उघडलं. मी काकांकडे बघितलं. कंडक्टर तरुण होता, त्याला काही हे कोण ते ठाऊक नव्हतं. काकांनी रुमाल बांधलेला हात वर केला. "जाऊ दे, डबल बेल मार." गाडी गेली. मग म्हणाले, "वेळेवर आहे," आणि उठून चालायला लागले.

नांदगावला सिद्धिविनायकाच्या देवळात पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पोफळींच्या गर्दीत बसलेलं गाव. इथे मला काकांना एक गोष्ट सांगायची होती, चार दिवस राखून ठेवलेली. सोळाव्या शतकात या गावात गणेश दैवज्ञ नावाचा ज्योतिषी झाला. १५२०मध्ये त्याने 'ग्रहलाघव' लिहिला, तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता असं मानतात. ग्रहगणितात 'ज्या' (म्हणजे साइन) आणि 'चाप' (म्हणजे कंस) यांची किचकट कोष्टकं लागत. याने ती बाजूला ठेवून बेरीज-वजाबाकी-गुणाकारात बसेल अशी रीत काढली, आणि पुढे कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं तिच्यावरून मांडली गेली. खिडकीतून समुद्र दिसणाऱ्या गावात बसून एका पोराने तिथी सोपी केली.

काका बांधलेल्या हाताकडे बघत होते. "म्हणजे आपल्याला ह्याच गावच्या माणसाने फसवलं."

"त्याने तिथी दिली काका. पाऊणकी तुमची."

पुजाऱ्यांनी उद्या एकादशी आहे, जेवण आजच नीट करा, असं सांगितलं. काकांनी ते मनावर घेतलं.

चौथा दिवस, एकादशी: नांदगाव ते जंजिरा

काकांचा उपास. राजगिऱ्याचे लाडू आणि दोन केळी खिशात घालून साडेपाचला निघालो. अकरा पाऊण सव्वाआठ. भरती चढत होती, म्हणून आज मुकाट्याने रस्ता. मुरूडच्या अलीकडे वळणावर नवाबाचा राजवाडा दिसतो आणि मग खाली मुरूडचा लांब, सपाट किनारा. समोर समुद्रात कासा बेटावर पद्मदुर्ग.

जंजिऱ्याला शह म्हणून शिवाजी महाराजांनी बांधलेला हा किल्ला मी मागे एकदा होडीने जाऊन पाहिलाय. त्याच्या तटाचा दगड खाऱ्या वाऱ्याने खाऊन टाकलाय, पण दगडांमधला चुना जसाच्या तसा आहे. दगडाच्या जागी खोलगट खळगा आणि भोवती चुन्याची उभी चौकट. भिंत लांबून मधाच्या पोळ्यासारखी दिसते. ज्या गवंड्याने तो चुना मळला त्याचं नाव कुठे नाही.

एकदऱ्याच्या खाडीवरचा पूल, कोळीवाडा, आणि मग चढ. काका या चढाबद्दल चार दिवस बोलत होते. इथे गाडी दुसऱ्या गिअरवर यायची आणि नवखे प्रवासी आपोआप खिडकीकडे झुकायचे. वळण संपलं आणि खाली जंजिरा दिसला. पाण्यावर तरंगणारा नाही, पाण्यातून उगवलेलाही नाही. पाण्यात मांडी घालून बसलेला. काका आपोआप थांबले. मग म्हणाले, "चालत आल्यावर जरा लहान वाटतोय." मला उलट वाटलं होतं, पण बोलले नाही.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी. वारा होता म्हणून होडीवाल्याने शीड उघडलं. मधोमध आल्यावरही दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. नुसती भिंत, एका पाठोपाठ एक बुरुज. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या कुशीत तो एकदम उघडतो. होडी पायरीला नीट टेकत नाही, लाटेबरोबर वर-खाली होते, आणि वर आली की पाय टाकायचा. काकांनी पन्नास वर्षं चालत्या गाडीचं दार सांभाळल्यासारखा तो टाकला.

दरवाज्याच्या भिंतीवर पंजांत हत्ती धरलेला वाघासारखा प्राणी कोरलाय. आतल्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात: कलाल बांगडी तोफ, सुरूलखानाचा पडका वाडा, खाऱ्या समुद्राच्या मध्यावर गोड्या पाण्याचे दोन तलाव. वाटाड्या म्हणतो, दगडांच्या सांध्यांत शिसं ओतलंय. तो पुष्कळ काही म्हणतो. मला जे ऐकायचं होतं ते त्याने तीन वाक्यांत उरकलं, म्हणून ते मी काकांना पश्चिमेच्या दर्या दरवाज्यापाशी बसून सांगितलं.

मूळचं हे बेट कोळ्यांचं, त्यांच्या लाकडी मेढेकोटाचं. निजामशाहीने ते घेतलं, १५६७च्या सुमारास दगडी कोट चढू लागला, आणि पुढे हबशी सिद्दींनी ते १९४८मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत सोडलं नाही. १६७६मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी वेढा घातला तेव्हा पद्मदुर्गाकडच्या लाय पाटील या कोळ्याने रात्री माणसं नेऊन तटाला शिड्या लावल्या. त्या शिड्यांवरून चढायचं होतं मोरोपंतांच्या हशमांनी, म्हणजे पायदळाच्या शिपायांनी. ते वेळेत आले नाहीत. उजाडायला लागलं तेव्हा पाटलाने शिड्या काढून घेतल्या. किल्ला मिळाला नाही, पण महाराजांनी पाटलाला पालखीचा मान दिला. दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय करायची, असं तो म्हणाला, तेव्हा त्याला गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी'. सहा वर्षांनी संभाजीराजांनी तर राजपुरीकडून खाडीत दगड टाकून पायवाटच करायला घेतली होती. मोगल कल्याणकडे उतरले म्हणून ती अर्धीच राहिली.

काका बराच वेळ खाली बघत होते. तटाच्या पायाशी, पाण्याच्या वर, कालवांचा पांढरा पट्टा होता. मापाने मारल्यासारखा सरळ. त्याच्या खाली हिरवा, मग पाणी. दुपारचे दोन वाजून गेले होते, ओहोटीच.

"भांगात लावल्या असतील का शिड्या?" त्यांनी विचारलं.

"तिथी कुठे लिहिलेली नाही."

"ते कोळी होते. त्यांनी बघितली असणार." मग पट्ट्याकडे बोट करून म्हणाले, "उधाणाच्या भरतीला होडी त्या पट्ट्याच्याही वर येईल. शिडी तेवढी आखूड चालली. पण मग उधाण म्हणजे चांदणं, नाहीतर अमावास्या. अमावास्येला भरती बाराला. रात्रीचे बारा." त्यांनी बोटांवर हिशोब केला, पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि गप्प बसले. होडीवाला खालून हाका मारत होता. किल्ला बघायला दिलेला पाऊण तास संपला होता.

परतीला मुरूडहून एसटी. खिडकी आता डावीकडची. चार दिवसांचं अंतर भराभर मागे जात होतं: नांदगावचा फाटा, बाकाचा तो थांबा, काशिदची सुरूची रांग, कोर्लईची सुसर. काकांनी तिकीट दोनदा उलटून बघितलं, कंडक्टरने टप्पा बरोबर धरलाय याची खात्री केली आणि खिशातला शेवटचा लाडू अर्धा मोडून मला दिला.

साळावच्या पुलावर त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला.

"पौर्णिमा बुधवारी आहे. ओहोटी पहाटे साडेपाचला."

"काका, तुमचा गुडघा?"

"कुलाब्यापर्यंतच. सपाट आहे सगळं."